मुंबईत राहून परदेशातल्या छोट्या पंक लेबलांच्या, म्हणजे पंक संगीत काढणाऱ्या छोट्या रेकॉर्ड कंपन्यांच्या, नवीन रेकॉर्ड पोस्टाने मागवायच्या तर कुठून आणि कशा?

ऑर्डर देताना विक्रेत्याला निरोप लिहायची चौकट असते. तिच्यात एवढं लिहा: 'श्रिंक रॅप फोडा, रेकॉर्ड कव्हरमधून बाहेर काढा आणि कव्हरच्या मागे ठेवून पाठवा.' श्रिंक रॅप म्हणजे कव्हरवर घट्ट बसवलेली प्लास्टिकची फिल्म, रेकॉर्डचं सील. कुठून मागवायच्या आणि कस्टम किती लागतं, हे तुमचे प्रश्न रास्त आहेत, त्यांच्याकडे येतोच. पण हे न लिहिता मागवलेली रेकॉर्ड पुष्कळदा उसवलेल्या कव्हरात येते, आणि आवृत्ती ३०० किंवा ५०० प्रतींची असली तर बदली प्रत मिळेलच असं नाही.

बारा इंची रेकॉर्ड साधारण १४० ग्रॅमची असते, जाड असली तर १८० ग्रॅमची. कव्हर म्हणजे मधे घडी घालून वर आणि खाली चिकटवलेला पातळ पुठ्ठा. आत रेकॉर्डला काही मिलिमीटर मोकळी जागा राहते. पार्सल उभं आपटलं की खोका थांबतो, कव्हर थांबतं, पण रेकॉर्ड त्या जागेतून पुढे सरकते आणि तिची धार चिकटवलेल्या कडेवर बसते. एकदोनदा आपटून काही होत नाही. परदेशातून इथवर पोती, सरकते पट्टे, विमान, ट्रक आणि शेवटी पोस्टमनची थैली असा प्रवास झाला की कड पुष्कळदा सुटते. आतली कागदी पिशवी तर त्याआधीच फाटते.

अमेरिकेतल्या एका विक्रेत्याकडून माझ्याकडे चार एलपी, म्हणजे बारा इंची रेकॉर्ड, आणि दोन सात इंची असं पार्सल आलं होतं. बाहेरून बघाल तर पॅकिंगला नाव ठेवायला जागा नव्हती. कोरा खोका, आत दोन पुठ्ठे, भोवती बबल रॅप, चारही एलपी सीलबंद. तिघींची वरची कड गेलेली. त्यातल्या एकीची प्लास्टिकची फिल्म अखंड होती, ओरखडासुद्धा नव्हता, आणि फिल्मच्या आत कव्हर आठ सेंटिमीटर उसवलेलं. म्हणजे बाहेरून काही घुसलं नव्हतं, मार आतूनच बसला होता. चौथी वाचली कारण तिच्या कव्हरात घडीचं पोस्टर आणि जाड पुस्तिका होती, रेकॉर्डला हलायला जागाच नव्हती. दोन्ही सात इंचींनाही काही झालं नाही. त्यांची कव्हरं म्हणजे दुमडलेला, कुठेच न चिकटवलेला कागद, वर पॉलिथिनची पिशवी. उसवायला कड हवी ना!

विक्रेत्याचं म्हणणं असं की सील फोडलं तर रेकॉर्ड 'नवीन' राहत नाही, आणि कड फाटली ती पोस्टाची चूक. दोन्ही म्हणणी मला मान्य नाहीत. पोस्टात पार्सल आपटणारच, हे धरूनच पॅकिंग करायचं असतं. आणि नवीन म्हणजे न वाजवलेली. डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या खरेदी-विक्रीच्या साइटवर 'मिंट' या दर्जाच्या व्याख्येत रेकॉर्ड कधीही वाजवलेली नसावी अशी अट आहे, सीलची नाही. पंकच्या जगातल्या कितीतरी रेकॉर्डना सील नसतंच. बँडची मंडळी घरी बसून कव्हरं घडी घालतात, आत छापील कागद सरकवतात आणि साध्या पिशवीत घालतात. वॉशिंग्टनच्या डिस्कॉर्ड या पंक लेबलची १९८० सालची पहिली सात इंची घ्या. दुसऱ्या एका सात इंचीचं कव्हर उलगडून नमुना घेतला आणि मित्रमंडळींनी हजार कव्हरं कात्रीने कापून, गोंदाने चिकटवून तयार केली. त्यांना कोणी जुनी म्हणालं नाही. श्रिंक रॅप ही मोठ्या दुकानांच्या फडताळांची सोय आहे.

नीट पॅकिंग कसं असतं ते सांगतो, म्हणजे विक्रेत्याला नेमकं विचारता येईल. रेकॉर्ड तिच्या आतल्या पिशवीत, ती पिशवी कव्हरच्या मागे, आणि दोन्ही मिळून एका बाहेरच्या पिशवीत. आतल्या आणि बाहेरच्या पिशवीची तोंडं एका दिशेला नकोत, नाहीतर रेकॉर्ड सरळ बाहेर घसरते. वर-खाली एकेक पन्हळी पुठ्ठा, एकाच्या पन्हळी उभ्या तर दुसऱ्याच्या आडव्या, म्हणजे गठ्ठा कुठूनच दुमडत नाही. हे पुठ्ठे कव्हरपेक्षा चारही बाजूंनी थोडे मोठे हवेत. कव्हर साडेएकतीस सेंटिमीटरचं असतं, पुठ्ठा साडेबत्तीसचा असला की कोपऱ्यावरचा मार तो खातो. बंद खोका कानाशी धरून हलवला तर आवाज येता कामा नये. सुटे थर्माकोलचे दाणे घातले असतील तर काही उपयोग नाही, ते एका कोपऱ्यात जमतात.

आता कुठून. शक्य असेल तर थेट लेबलकडून, नाहीतर जे स्वतः लेबल चालवतात आणि इतरांचाही माल ठेवतात त्यांच्याकडून. युरोपात ला विदा एस उन मुस आणि स्टॅटिक शॉक, अमेरिकेत रॅली शहरातलं सॉरी स्टेट आणि सिएटलचं आयर्न लंग, ही नावं धरून सुरुवात करा. इतरांचा माल ठेवणाऱ्याकडे पाच वेगवेगळ्या लेबलांच्या रेकॉर्ड एका पार्सलात येतात, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. आधी बँडकॅम्प या संगीताच्या साइटवर पूर्ण ऐका, मग घ्या. आगाऊ नोंदणीची रेकॉर्ड आणि तयार असलेली रेकॉर्ड एकाच ऑर्डरमध्ये टाकू नका, कारखान्यातून ती येईपर्यंत सगळं पार्सल अडकून राहतं. आणि कारखान्यातली रांग लांबली तर ते महिने असतात.

टपालखर्च वजनाच्या टप्प्यांवर चालतो. कव्हर आणि आतल्या कागदांसकट एक एलपी २५० ते ३०० ग्रॅम, खोका आणि पुठ्ठे मिळून आणखी २५० ते ३५०. म्हणजे एका एलपीच्या पार्सलात निम्मं वजन पुठ्ठ्याचं. दुसरी, तिसरी घातली की वाढतं ते फक्त रेकॉर्डचं वजन. आंतरराष्ट्रीय छोट्या पाकिटाची मर्यादा बहुतेक देशांत २ किलो आहे, तिच्यात पाच एलपी बसतात. सहावी घातली की महागडा पार्सल दर लागू शकतो, म्हणून पाचावर थांबा आणि उरलेल्या वजनात दोन सात इंची घाला, कव्हरसकट एक साधारण ६० ग्रॅमची. दोघातिघांनी मिळून मागवलं तर माणशी खर्च बराच खाली येतो. अमेरिकी साइटवर चार-पाच डॉलरचं टपाल दिसलं तर हुरळू नका, तो मीडिया मेल या तिथल्या स्वस्त टपालसेवेचा दर आहे आणि तो फक्त त्यांच्या देशात चालतो. परदेशासाठी स्वस्त जहाजी टपाल अमेरिकी पोस्टाने २००७ मध्ये बंद केलं. आता तिथून एकेकटी रेकॉर्ड मागवणं परवडत नाही, टपालच रेकॉर्डपेक्षा महाग पडतं.

कस्टमचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, तेव्हा मागवण्याच्या दिवशी लागू असलेला दर बघा आणि तो रेकॉर्ड अधिक टपाल या बेरजेवर धरून ठेवा. 'गिफ्ट लिहून पाठवा' असं विक्रेत्याला सांगू नका. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंची सूट डिसेंबर २०१९ मध्ये गेली, आणि खोटी किंमत लिहिलेलं पार्सल हरवलं तर भरपाई त्या खोट्या किमतीचीच मिळते. बिलाची एक प्रत खोक्याच्या बाहेर पाकिटात आणि एक आत ठेवायला सांगा. ओळखपत्राची कागदपत्रं मागणारा संदेश आला तर त्याच दिवशी पाठवा, त्याअभावी पार्सलं नुसती पडून राहतात. पत्ता दिवसा पार्सल घ्यायला कोणी असेल असा, म्हणजे ऑफिसचा द्या, आणि एप्रिल-मे महिन्यात तर नक्कीच. विनाइल, म्हणजे रेकॉर्डचं प्लास्टिक, साधारण साठ-सत्तर अंशांच्या आसपास नरम पडतं, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत काळ्या रेकॉर्डला तेवढं तापायला वेळ लागत नाही.

पार्सल आलं की ब्लेड खोलवर घालू नका. कडेची टेप फक्त वरवर कापा. चांगले विक्रेते टेपचं टोक दुमडून ठेवतात, ते धरून ओढा. मग काही तास आडवं ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पहिल्यांदा वाजवताना कान आणि डोळे दोन्ही उघडे ठेवा. सुईचा हात मधल्या लेबलाकडे-परत असा झुलत असेल तर भोक मध्यावर पडलेलं नाही, लांबवलेल्या सुरात तुम्हाला हेलकावा ऐकू येईल. एकाच ठिकाणी झिप ओढल्यासारखा खरखराट येत असेल तर तिथे विनाइल खाचेत पूर्ण भरलं गेलेलं नाही. हे दोन्ही कारखान्याचे दोष, धुऊन जात नाहीत, बदली मागा. नुसती टकटक असेल तर बहुधा पिशवीच्या कागदाची धूळ असते. डिस्टिल्ड पाणी आणि मऊ ब्रश, मधलं लेबल कोरडं ठेवून. आयसोप्रॉपिल अल्कोहोल थोडं मिसळलं तरी विनाइलला चालतं, पण तोच बोळा आजोबांच्या ७८ वेगाच्या नाट्यसंगीताच्या जुन्या रेकॉर्डवर फिरवू नका, त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतात.

गायकाचा आवाज राक्षसासारखा जड वाटला तर तक्रार करण्याआधी वेग बदलून बघा. पंकमध्ये बारा इंची रेकॉर्ड ४५ वेगाची (मिनिटाला ४५ फेऱ्या) सर्रास असते आणि मधल्या लेबलावर पुष्कळदा तसं लिहिलेलं नसतं. काही सात इंचींचं भोक मोठं, ३८ मिलिमीटरचं असतं, त्यासाठी मधला अडॅप्टर आधीच घेऊन ठेवा. रेकॉर्ड बशीसारखी वाकली असेल तर इस्त्री, ओव्हन यांच्या नादी लागू नका. थोडा वाक असूनही सुई उडत नसेल तर तशीच वाजवा.

ठेवण्याचं एकच सांगतो, आपल्याकडच्या पावसाळ्यामुळे. बाहेरची पिशवी पॉलिथिन किंवा पॉलिप्रोपिलिनची घ्या. ती मऊ, चकचकीत, वास येणारी पीव्हीसीची पिशवी रेकॉर्डवर धुरकट डाग पाडते, आणि तो निघत नाही. कव्हर भिंतीला टेकवून ठेवू नका, जूनमध्ये ओल येते आणि पुठ्ठ्याला बुरशी धरते.

सील फोडायच्या नियमाला अपवाद आहेत. फिल्मवर स्टिकर असेल आणि तो तुम्हाला हवा असेल तर फक्त उघड्या बाजूची फिल्म चिरून रेकॉर्ड काढायला सांगा, बाकीची फिल्म कव्हरवर राहू द्या. बॉक्स सेटला हे लागू नाही. आणि पुढेमागे सीलबंदच विकायच्या म्हणून घेत असाल तर हे उत्तर तुमच्यासाठी नाही.

कव्हर उसवलेलं आलं आणि रेकॉर्ड ठीक असेल तर सगळं परत पाठवायच्या भानगडीत पडू नका. परतीचं टपाल रेकॉर्डच्या किमतीवर जातं. खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो काढा, मग उसवलेल्या कडेचे, आणि विक्रेत्याला न लिहिता थेट लेबलला लिहा: 'एक रिकामं कव्हर मिळेल का?' छापखान्यातून कव्हरं थोडी जास्तीच येतात आणि लेबलवाल्याच्या घरी पडून असतात. त्या तीन उसवलेल्यांपैकी दोघींची कव्हरं मला अशीच मिळाली, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बसवून. एका लेबलवाल्याने सोबत चिठ्ठी घातली होती की तो स्वतः पाठवतो तेव्हा रेकॉर्ड नेहमी बाहेर काढूनच पाठवतो. ती चिठ्ठी मी त्या विक्रेत्याला फोटो काढून पाठवली.