हौसेची टाकी, जबाबदारीची टाकी

प्रिय मित्रास,

तुझे पत्र मिळाले. केवळ रंग आवडतो म्हणून मासे पाळणे हा उथळपणा आहे, पाळायचीच असेल तर नष्ट होऊ घातलेली जातच पाळावी, असे कोणा जाणकाराने तुला सुनावले आणि तेव्हापासून स्वतःच्या टाकीतल्या गप्पी या रंगीत माशांकडे पाहताना तुला अपराधी वाटते, हे वाचून मला त्या जाणकाराचा थोडा रागच आला. अशा बोलण्याने नवी माणसे या छंदापासून दुरावतात, आणि जातींची जोपासना करायला मग उरते कोण?

टेकिला स्प्लिटफिन या मेक्सिकोतील लहानशा माशाचेच पाहा. १९९८ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले आणि २००३ पर्यंत ती निसर्गातून दिसेनाशी झाली. तरीही ती वाचली, कारण हौशी लोकांच्या टाक्यांत ती टिकून होती. १९९८ मध्येच इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयाकडून तिच्या पाच जोड्या मेक्सिकोतील मिचोआकानच्या विद्यापीठात पोहोचल्या आणि पुढे त्यांचे वंशज तिच्या मूळच्या तेउचित्लान नदीत सोडण्यात आले. त्या हौशी मंडळींपैकी बहुतेकांना नराच्या शेपटीवरची नारिंगी कोरच मोहात पाडत असावी, असा माझा अंदाज आहे. मात्र टाकीतले मासे थेट नदीत ओतले, असे तेथे झाले नाही. अन्नाचा चढउतार, शिकारी आणि परजीवी यांची सवय व्हावी म्हणून ते आधी मोठ्या तळ्यांत वाढवले गेले, नदीची पाहणी झाली आणि काठच्या लोकांनाही सोबत घेतले गेले. टाकीने त्या जातीला मुदत मिळवून दिली. पुढचे काम इतरांचे होते.

म्हणून आपल्या टाकीला संवर्धन म्हणण्याची घाई करू नकोस. खरी अडचण तुझ्या हौसेत नाही, ती निवडीत आहे. आपण सहजपणे सर्वांत देखणा नर राखतो आणि फिकट पिल्ले बाजूला काढतो. काही पिढ्यांनी आपल्या आवडीचा मासा तयार होतो, पण नदीतला मासा हातून जातो. गप्पींच्या बाबतीत हे खुशाल कर, त्यात मजाच आहे. जी जात राखायची म्हणून घेतलीस, तिच्या बाबतीत मात्र फिकट, बुजऱ्या आणि सावकाश वाढणाऱ्या पिल्लांनाही पुढच्या पिढीत वाटा मिळाला पाहिजे. किलीफिश हे छोटे रंगीत मासे पाळणारे जातीच्या नावापुढे मूळ स्थळ आणि ते मासे पकडल्याचे वर्ष किंवा संकेतांक लिहितात, आणि दोन स्थळांचे मासे दिसायला सारखे असले तरी एकत्र करत नाहीत. ही शिस्त पहिल्या दिवसापासून अंगी लावून घे. ही स्थळाची चिठ्ठी हरवलेला मासा सुंदर असू शकतो, पण मूळ नदीच्या दृष्टीने तो बिनकामाचा ठरतो.

अशी एकच जात घे, आणि घेताना तिच्याकडे बघत बसणे तुला आवडेल ना, एवढे नक्की तपास. केवळ कर्तव्य म्हणून घेतलेल्या टाकीचे पाणी बदलायचा कंटाळा लवकर येतो. गुडीड कुळातील मासे मी सुचवीन. त्यांची मादी जिवंत पिल्ले देते, आणि नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या पोटाखाली पारदर्शक रिबिनींसारखे धागे लोंबताना दिसतात. आईच्या पोटात असताना त्यांतूनच त्याला पोषण मिळालेले असते. हे पाहायला बसलास की घड्याळाचे भान राहणार नाही. बाकीच्या टाक्यांत तुला हवे ते ठेव, कोणाला खुलासा देऊ नकोस.

पिल्ले वाढू लागली की नोंदीसह निदान दोन भरवशाच्या माणसांना दे, म्हणजे एका रात्री तुझा हीटर बिघडला तरी वंश तुटणार नाही. जास्तीची पिल्ले जवळच्या तळ्यात किंवा ओढ्यात कधीही सोडू नकोस; परक्या पाण्यात ती तिथल्या माशांच्या मुळावर उठू शकतात. आणि मन उडू लागल्याचे जाणवले तर संकोच न करता मला कळव, मासे आणि नोंदींची वही दोन्ही योग्य हाती सोपवण्याची व्यवस्था आपण वेळीच करू.

तुझा हितचिंतक