भंगारातला पंखा घेताना

भंगारातल्या वस्तू दुरुस्त करायला शिकायचं असेल तर पहिली दुरुस्ती छताच्या पंख्याची कर. घुं घुं करतो पण फिरत नाही, काठीने ढकलला की सुटतो, म्हणजे बहुतेक कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू व्हायला मदत करणारा छोटा डबा, गेला. बऱ्याच पंख्यांत २.५ मायक्रोफॅरडचा (हे त्याच्या क्षमतेचं माप) असतो. तरी जुन्यावरचा आकडा वाचूनच नवा आण. मेन बंद केल्यावरही कपॅसिटरच्या टोकांना हात लावू नकोस, आत वीज साठलेली असते. हाताने फिरवून जड लागला तर बेअरिंग, म्हणजे दांडा ज्यात फिरतो ती गोळ्यांची कडी, बघ.

सांगलीत मात्र एक गोष्ट आधी विचारायची: पुरात बुडालेला आहे का? २०१९ ला कृष्णेचा गाळ घराघरांत शिरला होता. तसला पंखा फुकट मिळाला तरी मी घेत नाही. वाइंडिंग, म्हणजे मोटरीतलं तारेचं वेटोळं, कधी दगा देईल नेम नाही.

आणि बंद मिक्सर आला तर खोलण्याआधी बुडाचं लाल बटण दाबून बघ, बाबा; जास्त भार पडला की ते सुटून मिक्सर बंद होतो.