आधी कपाटातलं पाकीट फोडा, मग समुद्रात उडी मारा

नाशिकमधल्या अंबडच्या एका कंपनीत काम करणाऱ्या ३४ वर्षांच्या वाचकाचं पत्र आहे, नाव देत नाही. थोडक्यात असं: कॉलेजचे चार मित्र, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अंदमान, हॅवलॉकला सहा रात्री, त्यात स्कूबा डायव्हिंगचा ओपन वॉटर कोर्स, माणशी ९० हजार. पगार हातात ६८ हजार, सिडकोत फ्लॅट, त्याचं २६ लाख कर्ज बाकी, हप्ता २४ हजार, घरात बायको, चार वर्षांची मुलगी आणि आई. वडील नाहीत. सगळं जाऊन महिन्याला १५ हजार उरतात. एफडी एकच, २ लाख ४० हजारांची, ७ टक्क्यांनी. प्रश्न एवढाच की एफडी मोडू, पर्सनल लोन काढू, का ॲपवर "नो कॉस्ट" हप्ते मिळतायत ते घेऊ?

आणि मग शेवटी, जाता जाता सांगितल्यासारखं: "आईचं टेन्शन नाही. ती ऑक्टोबरअखेर रिटायर झाली, पीएफ-ग्रॅच्युइटीचे २२ लाख आले, बँकेतल्या मॅडमनी त्यातून एफडीसारखी एक स्कीम काढून दिली, वर्षाला ५ लाख, पाचच वर्षं भरायचे आणि दहाव्या वर्षी ४० लाख. मलाही सहीला बोलावलं होतं. पेपर कुरियरने आलेत, अजून बघितले नाहीत."

हे वाचलं आणि हॅवलॉक डोक्यातून गेलं. उत्तर लिहायच्या आधीच मी यांना मेसेज टाकला, पाकीट फोडा, आतल्या आकड्यांच्या पानाचे फोटो पाठवा आणि कुरियर कोणत्या तारखेला आला ते सांगा. फोटो आले. कुरियर ६ डिसेंबरचा. आज २४. म्हणजे अठरा दिवस गेले, बारा उरले.

बारा कसले, तर आयुर्विम्याची पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत "नको" म्हणून परत करता येते, त्याला फ्री लूक म्हणतात. तेवढ्या दिवसांचा विम्याचा खर्च, मेडिकल झाली असेल तर ती आणि स्टॅम्प ड्युटी कापून बाकी पैसे परत येतात. ५ जानेवारीनंतर हेच ५ लाख सोडवायला गेलात तर रडत बसाल. आणि एक बघा, कुरियरच्या आधी ईमेलवर पॉलिसीची पीडीएफ आली होती का? आली असेल तर कंपनी दिवस तिथून मोजेल, तेव्हा बारा दिवस आहेत असं धरून निवांत बसू नका.

आता फोटोंबद्दल. पहिली गोष्ट, ही एफडी नाही. एफडीची पावती एका पानाची असते, त्यावर दर आणि तारीख असते, चाळीस पानांचं पाकीट कुरियरने येत नाही. "एफडीसारखी" यातला "सारखी" ऐकला की पर्स बंद करायची, हे मी गेली कित्येक वर्षं सांगतोय. ही एंडोमेंट पॉलिसी आहे, म्हणजे विमा आणि बचत एकत्र बांधलेली. त्यात दोन रकाने आहेत, ४ टक्क्यांचा आणि ८ टक्क्यांचा. ते दर धरून दाखवलेलं चित्र असतं, मिळणारं व्याज नाही. तुमचे ४० लाख ८ च्या रकान्यात आहेत, आणि त्या रकान्याची हमी कुणीही दिलेली नाही. ४ च्या रकान्यात २८ लाख आहेत.

ढोबळ हिशोब करू. ५ लाख गुणिले ५, भरले २५ लाख. पहिला हप्ता दहा वर्षं आत राहतो, शेवटचा सहा वर्षं, म्हणजे सरासरी आठ. २५ चे ४० आठ वर्षांत म्हणजे जेमतेम ६ टक्के. हे सगळं गोड गोड झालं तर. २५ चे २८ आठ वर्षांत म्हणजे दीड टक्का. सेव्हिंग खात्यातही याहून बरं मिळतं, आणि तिथे कुणी पेढे देऊन सही घेत नाही.

पण दर हा खरा लोचा नाहीच. खरा लोचा बेरजेत आहे आणि तो तुम्ही, आईंनी, मॅडमनी, कुणीच केलेला दिसत नाही. आईंकडे आले २२ लाख. पॉलिसीला लागणार २५ लाख. पाच गेले, सतरा राहिले, त्यातून अजून तीन वर्षं पाच-पाच, उरले दोन, आणि पाचव्या वर्षी परत पाच द्यायचेत. म्हणजे त्या बाईंनी पाच वर्षं एक रुपया खायचा नाही, औषध घ्यायचं नाही, नातीला खाऊ आणायचा नाही, मध्ये जमेल ते व्याजही पॉलिसीतच घालायचं आणि मग ६८ व्या वर्षी दहा वर्षांचं फळ घ्यायचं. ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबर मिळणारी, पेन्शन किती, तर तुम्हीच लिहिलंय २,८०० रुपये. आणि तुम्ही म्हणताय टेन्शन नाही. अहो, पाचवा हप्ता कोण भरणार होतं?

दुसरा फोटो अजून मजेशीर. प्रपोजर, म्हणजे पॉलिसी घेणारी, आई, पण विमा उतरवलेला जीव तुमचा. ५८ व्या वर्षी आईंच्या जिवावर ५० लाखांचा विमा महाग पडतो, मेडिकल लागते, म्हणून सहीला तुम्हाला बोलावलं. तुम्हाला वाटलं नॉमिनी म्हणून सही आहे. आता त्याच प्रपोजल फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे बघा, धोक्याचे छंद आहेत का, डायव्हिंग, गिर्यारोहण वगैरे. त्यापुढे "नाही" वर टिक आहे, पेन मॅडमचं, सही तुमची. ट्रिपचा व्हॉट्सॲप ग्रुप तेव्हा झाला होता का ते तुमचं तुम्हाला माहिती. पण न वाचता सही केली की काय होतं त्याचं इतकं चोख उदाहरण मला तरी यावर्षी दुसरं मिळालं नाही. आणि कंपनीतून पडताळणीचा फोन आला असेल तेव्हा मॅडमनी आधीच सांगून ठेवलं असेल की सगळ्याला हो म्हणा. असंच झालं ना?

करमुक्त आहे असंही सांगितलं असेल. वर्षाला बरोब्बर ५ लाखच का, तर १ एप्रिल २०२३ पासूनच्या अशा पॉलिस्यांत वर्षाचा प्रीमियम ५ लाखांच्या वर गेला की मॅच्युरिटीवर कर लागतो, म्हणून कडेकडेने बसवलंय. पण आईंना करच लागत नाही! नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य, यांचं उत्पन्न त्याच्या जवळपासही नाही. ज्याला कर नाही त्याला करमुक्त विकणं म्हणजे टकल्याला कंगवा.

मॅडमचा मला फार राग नाही, त्यांच्या मागे टार्गेट आहे. राग याचा की माणूस नोकरीतून सुटला, पैसे खात्यात पडले की दुसऱ्या दिवशी चहाला बोलावतात, आणि आपल्याकडे बँकेतलं माणूस म्हणजे सरकारी माणूस असं समजून आई-मावशी लोक सही करून येतात.

तर आता करायचं काय. उद्या सुट्टी आहे, परवा सकाळी आईंना घेऊन विमा कंपनीच्या शाखेत जा, बँकेत नाही. बँकेत गेलात तर सर्व्हर डाऊन आहे, मॅडम रजेवर आहेत, सोमवारी या, असं करत ५ जानेवारी उजाडेल. अर्ज आईंच्या सहीचा, कारण पॉलिसीच्या मालक त्या आहेत: "अटी मान्य नाहीत, फ्री लूकमध्ये पॉलिसी रद्द करावी." सोबत मूळ पॉलिसी, केवायसी, कॅन्सल केलेला चेक. अर्जाच्या झेरॉक्सवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्या, आणि त्याच दिवशी आईंच्या नोंदवलेल्या ईमेलवरून तेच कंपनीला पाठवा. मग फोन येईल, कुणीतरी फार गोड बोलेल, प्रीमियम कमी करून देतो, मुदत बदलून देतो. नको म्हणायचं, फोन ठेवायचा. तारीख हुकलीच तर कंपनीकडे तक्रार, मग विमा भरोसा पोर्टल, मग विमा लोकपाल, तिथे फी नाही, पण वेळ जातो आणि "फसवून विकलं" हे सिद्ध करत बसावं लागतं. १ ऑक्टोबर २०२४ च्या नियमांनंतर एक वर्ष भरलं तरी सरेंडरला, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडली तर, काहीतरी मिळतं हे खरं, पण ते "काहीतरी" बघून आईंना झोप लागणार नाही.

पैसे कुठे ठेवायचे? ज्येष्ठ नागरिक बचत योजना. तुम्ही म्हणाल त्या तर ५८ च्या. असू दे, ५५ च्या पुढे जो नियमाप्रमाणे रिटायर झालाय त्याला ६० ची वाट बघावी लागत नाही, फक्त रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडायला लागतं. पैसे आले नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात, म्हणजे मुदत फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, आणि तुम्ही नेमके तेव्हा पाण्याखाली! तेव्हा हे जानेवारीतच उरका. आईंच्या कंपनीकडून रिटायरमेंटचा आणि मिळालेल्या रकमेचा दाखला घ्या, मोठ्या पोस्टात, जीपीओत जा. सेव्हिंगला सतरा लोळतायत त्यातले १५ लाख आत्ताच टाका, पॉलिसीचे परत आले की अजून ५. सध्या दर ८.२ टक्के, एकदा खातं उघडलं की पाच वर्षं तोच. २० लाखांवर वर्षाचे १ लाख ६४ हजार, तिमाहीला ४१ हजार थेट खात्यात, महिन्याचे पावणेचौदा हजार समजा. पेन्शन धरून साडेसोळा. आईंना तुमच्याकडे मागावं लागणार नाही. उरलेले दोन लाख साध्या एफडीत, "सारखी" नसलेल्या. आणि आईंचा मेडिक्लेम आहे का, पत्रात त्यावर शब्द नाही. तुमच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आई-वडील असतात का ते एचआरला विचारा, नसतील तर वेगळा काढा, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटीही नाही.

तुमचं स्वतःचं. ती पॉलिसी परत गेली की तुमच्या जिवावरचे ५० लाखही जातील, तसेही ते आईंच्या नावावर होते, बायको-मुलीला थेट काही नव्हतं. २६ लाखांचं कर्ज डोक्यावर घेऊन टर्म इन्शुरन्स (नुसता जिवाचा विमा, बचत नाही) नसलेला माणूस ९० हजारांच्या ट्रिपचे हप्ते मोजतोय, याला काय म्हणू? एक कोटीचा टर्म काढा, तुमच्या वयाला, सिगरेट नसेल तर, ढोबळ बारा-पंधरा हजार वर्षाला. आणि यावेळी डायव्हिंगच्या प्रश्नापुढे खरं लिहा. थोडा प्रीमियम वाढला तर वाढू दे.

आता तुमचा प्रश्न, दोन मिनिटांत. पर्सनल लोन १४ टक्क्यांनी वर्षभर, व्याज सात हजार, प्रोसेसिंग फी जीएसटीसकट दोन, असे नऊ हजार पाण्यात. "नो कॉस्ट" मध्ये कॉस्ट असते, फी नाहीतर बुडालेला डिस्काउंट. एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे तीच तारण ठेवून उचल, घ्या, ९ टक्के धरा, महिन्याला ते उरणारे १५ हजार भरले की सहा महिन्यांत फिटलं, व्याज अडीच हजारांच्या आत, आणि एफडीचं व्याज चालूच. फक्त चौघांचं बुकिंग तुमच्या कार्डावर करू नका, "नंतर देतो" वाले मित्र मार्चमध्ये फोन उचलत नाहीत.

ट्रिपला जा, मी अडवत नाही. पण पोहता येतं का तुम्हाला? कोर्सला २०० मीटर पोहून आणि दहा मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. येत नसेल तर कोर्सचे पैसे भरू नका, ट्राय डाइव्ह करा, १२ मीटरपर्यंत इन्स्ट्रक्टर धरून नेतो, खूप स्वस्तात होतं. मी तारकर्लीला एकदा उतरलो होतो, कानात असे दडे बसले की मासे दिसायच्या आधी मला माझेच अपराध दिसले, नाक दाबून हवा सोडायची ते चौथ्या प्रयत्नात जमलं. दीड महिना आहे, सावरकर जलतरण तलावावर जा, म्हणजे त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावातून थेट भगूरच्या सावरकरांच्याच नावाच्या विमानतळावर उतराल.

मित्राने केलेलं वेळापत्रक बघितलं. शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह, दुपारची बोट, संध्याकाळचं विमान. हे बदला. बऱ्याच डाइव्ह झाल्यावर विमानात बसायच्या आधी किमान १८ तास जाऊ द्यायचे असतात, अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, नाहीतर उंचीवर त्याचे बुडबुडे होतात, सांधे धरतात, कधी त्याहून वाईट. शेवटचा दिवस नुसतं बीचवर बसा. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना स्कूबा कव्हर आहे का ते वाचा, बऱ्याच पॉलिस्यांत साहसी खेळ वगळलेले असतात, वेगळं ॲड-ऑन घ्यावं लागतं, आणि खोलीची मर्यादाही लिहिलेली असते, तुमचा कोर्स १८ मीटरचा आहे.

परवा शिक्का मिळाला की पोचेचा फोटो पाठवा. ओव्हरड्राफ्टचा फॉर्म त्यानंतर भरू.