क्यूआर काढून टाकला तर टॅक्सची कटकट मिटेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्टेशनरी-झेरॉक्सचं दुकान आहे, वर्षाची विक्री ३२ लाख, त्यातले २४ लाख यूपीआयने येतात. जुलै २०२५ मध्ये बंगळुरूकडच्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या, ते वाचून क्यूआर काढावा असं वाटतंय.

नका काढू. मी सीए नाही, चौदा वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवतोय आणि एक नोटीस पचवलेली आहे, तेवढ्याच अधिकाराने सांगतो.

आधी हे सांगा, ते २४ लाख रोख आले तर ठेवणार कुठे? बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोख भरली की बँक आयकर खात्याला कळवते. चालू खात्याला ही मर्यादा ५० लाख आहे. म्हणजे लपत काहीच नाही. उलट आयकरात यूपीआयवाल्याला सवलत आहे. २०२५-२६ च्या उत्पन्नाला छोट्या धंद्यांसाठीच्या ४४एडी या आयकर कलमाखाली हिशेबाच्या वह्या न दाखवता रोख विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरतात, बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के. तुमचे २४ लाखांवर १,४४,००० आणि ८ लाखांवर ६४,०००, मिळून २,०८,०००.

पण हा आकडा किमान आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. घरखर्च महिना ३५ हजार, शिवाय गाडीचा हप्ता, आणि उत्पन्न दोन लाख? मग जगताय कशावर, हा प्रश्न कोणीही विचारेल. आणि कमी दाखवून वाचतं तरी काय? २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे कर शून्य होतो. साडेपाच लाख दाखवले तरी कर शून्यच, फक्त रिटर्न भरावं लागतं. उद्या दुकान वाढवायला कर्ज काढायला गेलात की बँक आधी तेच रिटर्न मागते. आमच्या लाइनीतले निम्मे लोक इथेच अडकलेत.

तुमची खरी अडचण जीएसटीची आहे, आणि ती झेरॉक्समुळे. ४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांना आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन या सेवा झाल्या. त्या सोबत असल्या की महाराष्ट्रात मर्यादा २० लाखांवर येते. वह्या-पेन्सिलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला हे खरं, पण उलाढाल मोजताना त्यांची विक्रीही धरतात. तेव्हा नोंदणी लागेलच. कंपोझिशन घ्या, म्हणजे छोट्या धंद्यांसाठी विक्रीवर ठरलेल्या कमी दराने कर भरायची जीएसटीतली योजना. व्यापाऱ्याला १ टक्का, तोही करपात्र विक्रीवर, आणि झेरॉक्सची कमाई ५ लाखांच्या आत असेल तर चालते. गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, परराज्यात माल विकता येत नाही. तुम्हाला दोन्हीने फरक पडत नाही. मागच्या वर्षीच २० च्या वर गेला असाल तर मात्र या आठवड्यातच सीए गाठा. मागच्या काळाला कंपोझिशनचा दर मिळत नाही, नेहमीच्या दराने कर निघतो. नोंदणीनंतर व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये धरून चाला.

आता माझी नोटीस. विक्री २७ लाख, खात्यात जमा ४१ लाख. वरचे १४ लाख कुठले? भिशीचा नंबर लागला ते पैसे, मेव्हण्याने परत केलेले उसने, आणि मी मंडळाचा खजिनदार, म्हणून गणपतीची वर्गणी! सगळं त्याच क्यूआरवर. पन्नास-शंभर रुपयांच्या वर्गणीच्या नोंदी पावतीपुस्तकाशी जुळवत बायको आणि मी तीन रात्री बसलो होतो. एक रुपया कर वाढला नाही, पण सीएची फी गेली आणि दिवाळीचा सीझन गेला.

तेव्हापासून दुकानाचं चालू खातं वेगळं. दर १ तारखेला त्यातून ठरलेली रक्कम घरखात्यात टाकतो. गल्ल्यातून भाजीला पैसे काढणं बंद. सुरुवातीचे दोन महिने घरी फार कुरकुर झाली. उधारी आणि रोख रोजमेळात लिहितो. ४४एडीला सक्ती नाही, पण नफा खरंच किती हे मला त्यातूनच पहिल्यांदा कळलं. विमा, बचत यांचं नंतर बघू, आधी हे वेगळं करा. कर निघणार असं दिसलं तर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात आगाऊ भरून टाका.

आणि नवं खातं उघडलंत की जुना स्टिकर खरवडून काढा. आमच्याकडे एक वजनकाट्याच्या मागे राहिला होता. वर्षभर खिळे घेणारे नेमका तोच स्कॅन करत होते.