'इलेक्टोरल व्होट'ला मराठीत काय म्हणावे?

विचारणा अशी आहे: अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीच्या मराठी बातम्यांत 'इलेक्टोरल व्होट'साठी कुठे 'निवडणूक मते', कुठे 'प्रातिनिधिक मते', तर कुठे नुसतेच 'इलेक्टोरल मते' असे वाचायला मिळते. यांतले बरोबर कोणते? शिवाय विचारणाऱ्यांचा न्यू जर्सीतला भाचा म्हणतो की अध्यक्ष या इलेक्टोरल मतांवरच ठरतो, मग माझ्या मताला काय किंमत? त्याचे खरे आहे का?

माझ्या मते शब्द 'निर्वाचकमत' असावा. भाच्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे, आणि ते अर्धे कुठले हे याच शब्दातून उलगडते.

'इलेक्टोरल'चे मराठी संदर्भाप्रमाणे बदलते. 'इलेक्टोरल रोल' म्हणजे मतदार यादी, 'इलेक्टोरल बाँड' म्हणजे निवडणूक रोखे. त्याच धर्तीवर कुणीतरी 'निवडणूक मत' केले असणार. पण मत निवडणुकीतच द्यायचे असते, त्यामुळे या शब्दातून काहीच वेगळे कळत नाही. 'प्रातिनिधिक'ची अडचण निराळी. 'प्रातिनिधिक कविता', 'प्रातिनिधिक स्वरूपात पाच जणांचा सत्कार' असे आपण म्हणतो तेव्हा नमुनादाखल असा अर्थ असतो. 'प्रातिनिधिक मते' वाचल्यावर एखाद्या जनमत चाचणीचा भास होतो.

इथे 'इलेक्टर' हा माणूस आहे. आपल्या निवडणूक आयोगाच्या इंग्रजी कागदपत्रांत 'इलेक्टर' म्हणजे यादीत नाव असलेला कोणीही मतदार. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत मात्र 'इलेक्टर' म्हणजे फक्त ५३८ जण. प्रतिनिधिगृहाचे ४३५ आणि सिनेटचे १०० या हिशेबाने राज्यांना जागा मिळतात, आणि १९६१च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीने राजधानी वॉशिंग्टनला ३ मिळाल्या. नोव्हेंबरात लोक मत देतात ते उमेदवाराचे नाव पाहून, पण कायद्याने निवडून येतो तो त्या उमेदवाराच्या पक्षाने आपल्या राज्यात दिलेला निर्वाचकांचा संच. हे निर्वाचक डिसेंबरात आपापल्या राज्यात जमतात आणि अध्यक्षासाठी मत देतात. ते मत म्हणजे इलेक्टोरल व्होट, निर्वाचकाने दिलेले मत. २७० मिळाली की अध्यक्षपद.

'निर्वाचक' आपल्याला परका नाही. भारताच्या राज्यघटनेच्या कलम ५४च्या हिंदी पाठात 'निर्वाचकगण' आहे आणि राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीबद्दल मराठीतही 'निर्वाचक मंडळ' रुळले आहे. 'निर्वाचन' हिंदी वळणाचे वाटते हे मला मान्य आहे. आपल्याकडे 'निवडणूक' हा सुरेख शब्द असताना रोजच्या वापरात निर्वाचनाची गरजच नाही. म्हणूनच 'निर्वाचक' मोकळा राहिला आहे, आणि मतदाराहून वेगळ्या माणसासाठी तो नेमका उपयोगी पडतो.

'मत' शब्दाच्या पोटात विचारही आहे आणि कौलही, त्यामुळे त्याला जोडून नवे शब्द करताना फार जपावे लागते. 'पॉप्युलर व्होट'चे 'लोकप्रिय मत' सर्रास छापले जाते. ते साफ चूक आहे. इथे लोकप्रियतेचा संबंध नाही, लोकांनी स्वतः दिलेली मते एवढाच अर्थ आहे. 'लोकमत' किंवा 'जनमत' म्हणावे तर त्यांचा अर्थ लोकांचा विचार, आणि 'सार्वमत' म्हणजे एखाद्या प्रश्नावर घेतलेला सर्वांचा कौल. मी 'मतदारांची मते' किंवा 'थेट मते' लिहितो. २०१६मध्ये हिलरी क्लिंटन यांना थेट मते सुमारे २९ लाखांनी जास्त होती, निर्वाचकमते मात्र ट्रम्प यांना ३०४ आणि त्यांना २२७, असे वाक्य केले की घोळ उरत नाही.

या बेरजेत सात कमी का? सात निर्वाचकांनी तिसऱ्याच कुणाला मत दिले. याला आपल्याकडे अस्सल शब्द आहे: मते फुटली. विधान परिषदेच्या निवडणुकीनंतर आपण तो हटकून ऐकतो. पुढे २०२०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्वाचकांना दिलेल्या शब्दाने बांधून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार मान्य केला.

आता भाच्याचा प्रश्न. मेन आणि नेब्रास्का सोडून सगळीकडे राज्यात एका मताने पुढे असलेल्याला त्या राज्याची सगळी निर्वाचकमते मिळतात. न्यू जर्सीची निर्वाचकमते, आता १४, १९९२पासून दर वेळी डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली आहेत. तिथे एक मत वाढले काय, लाख वाढले काय, १४ची १५ होत नाहीत. इथवर तो बरोबर आहे. शिवाय मतांचे वजनही सारखे नाही. २०२०च्या जनगणनेनुसार वायोमिंगमध्ये एका निर्वाचकामागे सुमारे १ लाख ९२ हजार माणसे येतात, कॅलिफोर्नियात ७ लाख ३२ हजार. मला हे अन्यायाचे वाटते. आपल्या राष्ट्रपतींच्या निवडणुकीत उलटे आहे. तिथे आमदाराचे 'मतमूल्य' १९७१च्या लोकसंख्येवरून काढतात, म्हणून महाराष्ट्राच्या आमदाराचे १७५ आणि गोव्याच्या आमदाराचे २०. मतमूल्य हा शब्द अमेरिकेबद्दल लिहिताना खुशाल वापरावा.

पण 'किंमत नाही' हे सरसकट विधान टिकत नाही. २०००मध्ये फ्लोरिडाची २५ निर्वाचकमते, आणि त्यांच्यासह अध्यक्षपद, ५३७ थेट मतांच्या फरकाने जॉर्ज बुश यांच्याकडे गेले. २०२०मध्ये बायडेन थेट मतांत ७० लाखांहून अधिकने पुढे होते. तरी जॉर्जिया, अ‍ॅरिझोना आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतली त्यांची आघाडी मिळून सुमारे ४३ हजारच होती, आणि ती राज्ये गेली असती तर निर्वाचकमते २६९–२६९ झाली असती. त्या तीन राज्यांतल्या मतदाराला 'तुझ्या मताने काय होणार' असे कोण म्हणेल?

आणि न्यू जर्सीतसुद्धा त्या दिवशीच्या मतपत्रिकेवर एकटा अध्यक्ष नसतो. खासदारांपासून गावच्या कारभाऱ्यांपर्यंतची पदे असतात, आणि तिथे निर्वाचक मधे येत नाहीत, मत थेट मोजले जाते. २०१७मध्ये व्हर्जिनियाच्या विधिमंडळाच्या एका जागेवर दोन्ही उमेदवारांना ११,६०८ अशी समान मते पडली. शेवटी नावाच्या चिठ्ठ्या टाकून रिपब्लिकन डेव्हिड यान्सी विजयी ठरले, आणि सभागृहातले बहुमत ५१ विरुद्ध ४९ असे त्यांच्या पक्षाकडे राहिले. आपल्याकडे ग्रामपंचायतीत असे झाले की वर्तमानपत्रे 'ईश्वरचिठ्ठीने कौल' असे छापतात. त्या मतदारसंघातला घरी बसलेला एक मतदार बाहेर पडला असता, तर ईश्वरचिठ्ठीची वेळच आली नसती.