एका वाचकाने विचारलंय: ‘जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक जोशुआ बेल स्टेशनवर वाजवत होता तरी लोक थांबले नाहीत. आपली नजरच मेली आहे का?’

मला तरी तसं वाटत नाही. तुम्ही दाखला दिलेला प्रयोग 12 जानेवारी 2007 चा. वॉशिंग्टनच्या मेट्रो स्टेशनवर, सकाळी आठच्या सुमाराला बेलने आपली ओळख न देता 1713 सालच्या, अतिशय मौल्यवान अशा स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिनवर 43 मिनिटं वाजवलं. समोरून 1,097 माणसं गेली, मिनिटभर तरी थांबले ते सात. पेटीत पडले बत्तीसेक डॉलर. यावर सगळेच हळहळतात, पण वेळ तर बघा! ती माणसं कामावर निघाली होती. नाशिकरोडला पंचवटी एक्स्प्रेस गाठायला पळणाऱ्या पासधारकापुढे साक्षात भीमसेनजी गायला बसले असते, तरी त्याने आधी डबाच पकडला असता. त्यात मला काही गैर दिसत नाही.

मला त्या हकिकतीतली वेगळीच गोष्ट लक्षात राहिली. थांबलेल्यांपैकी एकजण तरुणपणी मन लावून व्हायोलिन शिकलेला होता. एका बाईंनी तीनच आठवड्यांपूर्वी बेलला कार्यक्रमात ऐकलं होतं. म्हणजे घाई त्यांनाही असणारच, पण कान तयार होता. (लहान मुलं काही न शिकताही वळून बघत होती, हे खरं. त्यांना हजेरी लावायची नव्हती.)

आमच्याकडे नाशिकला भांडीबाजाराच्या आसपास तांबटांची, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची, ठकठक चालते. माझ्या लेखी तो नुसता गोंगाट होता. एकदा आजीचं घंगाळ दुरुस्तीला नेलं आणि काम होईपर्यंत तिथेच बसावं लागलं. मठारकाम म्हणजे तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकाला लागून एक ठोके देत जायचं. मी ती नक्षी समजत होतो. पण ठोक्यांनी तांबं कडक होतं, भांडं सहजी चेपत नाही, आणि झळाळी येते ती वर नफ्यात. त्या तांबटांची हातोडी एकाच जागी पडत होती, डावा हात भांडं केसभर सरकवत होता. मध्ये त्यांनी पोराला चहा सांगितला, गिऱ्हाइकाशी भावावरून वाद घातला, तरी ठोक्यांची ओळ सुटली नाही. तेव्हापासून तो आवाज आला की मान आपसूक वळते. कामाची गडबड असली तरी.

गोदाकाठच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेचंही तेच. रामकुंडावर येणारे हजारो लोक तिच्याखालून जातात. पण ती पोर्तुगीज बनावटीची आहे, तिच्यावर 1721 साल आहे आणि वसईच्या विजयानंतर ती इथे आली, हे एकदा सांगा. पाहुणा मान वर करून उभाच राहतो.

त्यामुळे ‘धावपळ कमी करा’ असं मी तुम्हाला सांगणार नाही, ते आपल्या हातात असतं कुठे! एखाद्या कामाची थोडी माहिती करून घ्या, तेवढं पुरे. नाशिकला आलात तर एखादं जुनं भांडं घेऊन तांबटाकडेच जा. नुसतं बघायला गेलात तर फार बोलणार नाहीत, काम दिलंत तर बसायला स्टूल मिळेल. गाडी मात्र बाहेरच लावा, आत वळवायलाही जागा नाही.