‘मॅडम, तिथे कुणी काही विचारत नाही’

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची ही मुलगी, वय 26. तिला आपण मृणाल म्हणू. नाव अर्थातच बदललेलं आहे. गावातल्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत तीन वर्षं बसून तिने एमपीएससीचा अभ्यास केला. पूर्वपरीक्षा दोनदा निघाली, मुख्य परीक्षा काही निघाली नाही. आता तिला ग्रंथपाल व्हायचं होतं, म्हणून ती समुपदेशनासाठी माझ्याकडे आली. सोबत आलेले वडील खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाले, “मोबाईलवर सगळं मिळतं आता. पुस्तकांवरची धूळ झटकत बसून हिचं पुढे काय होणार, मॅडम?”

भविष्याचं नंतर बघू म्हटलं आणि आधी मृणालला विचारलं, “तुला तिथलं काय आवडतं?”

“शांतता. घरी जो तो निकालाचं विचारतो. तिथे कुणी काही विचारत नाही.”

वाचायची आवड आहे म्हणून ग्रंथपाल व्हावंसं वाटतं, असं सांगणारी मुलं माझ्याकडे बरीच येतात. थोडं खोलात गेलं की त्यातल्या निम्म्यांना खरं तर आडोसा हवा असतो. ती गरज खोटी नाही. तीन वर्षं अपयश अंगावर घेतलेल्या मुलीला विसावा हवाच. पण ग्रंथपालाच्या टेबलाशी येणारा प्रत्येक माणूस काहीतरी विचारायलाच येतो, हे तिला सांगणं भाग होतं.

मी तिला रंगनाथनांची गोष्ट सांगितली. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे एस. आर. रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. थोड्याच दिवसांत त्या सुन्या जागेला ते इतके कंटाळले की ‘मला परत शिकवायला घ्या’ म्हणून प्राचार्यांकडे गेले. आधी इंग्लंडला जाऊन शिकून या, मग ठरवा, असं ठरलं. तिथे त्यांनी माणसांनी गजबजलेली ग्रंथालयं पाहिली: मुलं, कामगार, बायका, सगळे येणारे. ते परतले आणि पुढची वीसेक वर्षं मद्रासचं ग्रंथालय सोडलं नाही. 1931 साली त्यांनी मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं पहिलंच आहे, पुस्तकं उपयोगासाठी आहेत. ज्या शांततेसाठी मृणालला तिथे जायचं होतं, तीच रंगनाथनांना पळवून लावत होती. हे ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली.

मग मी तिला काम दिलं. त्याच वाचनालयात पंधरा दिवस अभ्यासिकेत न बसता देवघेवीच्या टेबलामागे बसायचं. ग्रंथपालबाई आनंदाने तयार झाल्या. एकट्या माणसावर सगळा भार, मदत कुणाला नको असते!

पुढच्या भेटीला ती आली ती दमून. परत आलेली पुस्तकं मांडणीत लावता लावता पाठ धरली होती. वर्गणी थकवणाऱ्यांशी बोलताना जीभ अडखळली होती. आणि एका आजोबांनी तिला बेजार केलं होतं. त्यांचं गाव कोयनेच्या धरणात गेलेलं. धरणग्रस्तांवरचं एक पुस्तक त्यांनी कित्येक वर्षांपूर्वी तिथूनच नेलं होतं. नाव आठवेना, लेखक आठवेना, फक्त ‘तांबडं होतं’. ग्रंथपालबाईंनी तिला समजावलं, की पुस्तक फाटलं की बायंडरकडे जातं आणि गठ्ठ्यातल्या सगळ्यांना एकाच रंगाचं कापड चढतं, तेव्हा रंगाचा उपयोग नाही. आजोबांनी ते कोणत्या साली नेलं ते विचार. ते आठवलं, त्यांच्या मुलीच्या लग्नाचं साल. मग दोघी देवघेवीच्या जुन्या नोंदवह्या काढून बसल्या.

हे सांगताना तिचा आवाज बदलला होता. तासाभरात शांतता हा शब्द तिने एकदाही उच्चारला नाही.

त्यानंतर वडिलांशी पैशांचं बोलले, आणि तिथे मी काहीही गोड करून सांगितलं नाही. 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्य झालेली वाचनालयं गावोगावी आहेत, पण ती अनुदानावर चालतात आणि तिथल्या मानधनात घर चालत नाही. महाविद्यालयातल्या ग्रंथपालाला मात्र सहायक प्राध्यापकाइतकी वेतनश्रेणी मिळते, सातव्या आयोगाप्रमाणे सुरुवातीचं मूळ वेतन 57,700 रुपये. त्यासाठी बी.लिब., एम.लिब. या ग्रंथालयशास्त्राच्या पदव्या आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. भरती मात्र रखडत होते, जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात. म्हणून मी ‘एकाच जागेची वाट बघत बसू नका’ असं स्पष्ट सांगितलं. कोहासारख्या ग्रंथालयाच्या संगणक प्रणालीवर काम करता आलं, जुनी कागदपत्रं स्कॅन करून त्यांची नीट सूची करता आली, तर शाळा, संशोधन संस्था, संग्रहालयं अशा इतर ठिकाणीही प्रयत्न करता येतो. मोबाईलवर सगळं मिळतं हे वडिलांचं म्हणणं मी खोडलं नाही. एवढंच विचारलं, “आजोबांनी मोबाईलवर काय टाईप करायचं?”

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने करायला लावली. एमपीएससी सोडल्याचं दुःख वेगळं बोलायचं, ते नव्या निवडीच्या पोटात लपवायचं नाही. त्यावर आमच्या चार भेटी झाल्या. त्यातल्या एकीत ती खूप रडली, आणि मला वाटतं खरी निवड तिने त्यानंतरच केली.

मृणालने मुक्त विद्यापीठातून बी.लिब.ला प्रवेश घेतला. अभ्यासक्रम पदवीनंतरचा, एका वर्षाचा. सोबत वाचनालयात अर्धा दिवस काम. तांबडं पुस्तक अजून सापडलेलं नाही. नोंदवहीत त्या सालची तीन नावं निघाली, त्यातली दोन पुस्तकं आजोबांनी ‘हे नव्हे’ म्हणून परत केली. तिसरं एका सभासदाकडे थकलंय. परवा ती त्याच्या घरी जाणार होती.